शब्दचर्चा : ‘पिच करणे’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

अमेरिका-ब्रिटनमधल्या ब्लॅक लेखक-दिग्दर्शकांवरचा एक लेख दिवाळी अंकासाठी मराठीत आणते आहे. चॅनेलच्या किंवा जाहिरात एजन्सीच्या लोकांसमोर बसून नवी कल्पना सांगायची आणि त्यांनी त्यावर पैसे लावावेत म्हणून त्यांना राजी करायचं, याला तिथं ‘पिच करणे’ म्हणतात. ‘सादर करणे’ लिहिलं की गाण्याचा कार्यक्रम वाटतो, ‘प्रस्ताव ठेवणे’ला सरकारी वास येतो. ‘पास’ आणि ‘रिलेटेबल’ या शब्दांवरही अडले आहे. तुम्ही काय वापराल?

प्रतिसाद

मुंबईत सिनेमा-मालिकावाले ‘नॅरेशन देणे’ म्हणतात. ‘काल अमक्याला गोष्ट ऐकवून आलो’ हेही सर्रास चालतं. जाहिरातवाले सरळ ‘पिच’ म्हणतात : ‘सोमवारी पिच आहे’, ‘पिच हातचं गेलं’. पण नॅरेशनमध्ये सगळी गोष्ट प्रसंगवार ऐकवायची असते, आणि पिचच्या वेळी पुष्कळदा संहिता लिहिलेलीच नसते. म्हणून मी ‘पिच’ तसाच ठेवेन. वाचक काही क्रिकेटच्या मैदानावर जाणार नाहीत.

‘पास’बाबत मात्र जपा. आपल्याकडे विधेयक पास होतं, पोरगं दहावी पास होतं. तिथं ‘त्यांनी पास केलं’ म्हणजे नको म्हणाले. शब्द तसाच ठेवलात तर अर्थ नेमका उलटा होईल. ‘नाकारलं’ किंवा ‘पुढे नेलं नाही’ लिहा.

प्रतिसाद

‘पिच’ ठेवायला माझी हरकत नाही, पण क्रियापद विचारपूर्वक निवडा, ताई. ‘पटवणे’, ‘गळी उतरवणे’, ‘साकडं घालणे’ या सगळ्यांत सांगणारा खाली आणि ऐकणारा वर असतो. लेख ज्या माणसांबद्दल आहे, त्यांची लढाई ह्याच उतरंडीशी आहे. मी ‘मांडणे’ घेईन. मत मांडतात, हिशेब मांडतात, डाव मांडतात. मांडणारा बरोबरीनं बसलेला असतो.

ब्रिटनमधली ब्लॅक लेखिका-अभिनेत्री मायकेला कोल, तिचं उदाहरण घ्या. ‘आय मे डिस्ट्रॉय यू’ या मालिकेसाठी नेटफ्लिक्सनं तिला 10 लाख डॉलर देऊ केले. तिनं स्वामित्वहक्कांतला काही वाटा स्वतःकडे मागितला. 5 टक्क्यांवरून ती अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली आली, तरी नकारच. मग तिनं त्या पैशांवर पाणी सोडलं. बीबीसीनं तिला हक्कही दिले आणि निर्मितीच्या निर्णयांत वाटाही दिला. 2020 मध्ये मालिका आली, 2021 मध्ये तिच्या लेखनाला एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. हे लिहिताना ‘तिनं कल्पना विकली’ असं चुकूनही लिहू नका. विकायचं काय आणि राखायचं काय, हाच तिथं सौदा होता.

आता ‘रिलेटेबल’. माझ्या मते तुमच्या लेखातला सगळ्यांत जड शब्द हाच आहे. ‘आवडलं, पण आवर (our) प्रेक्षकाला रिलेटेबल वाटेल का?’ अशा सौम्य प्रश्नातच ब्लॅक लेखकाला नकार मिळतो. ‘रिलेटेबल’ म्हणजे जवळचं वाटणारं, आपलंसं वाटणारं. अडचण ‘आवर’ची आहे. इंग्रजीत ‘वुई’, ‘आवर’ एकच. त्यात समोर बसलेली लेखिका धरली आहे की वगळली आहे, हे कळत नाही, आणि बोलणाऱ्यालाही ते सांगावं लागत नाही. मराठीत ही पळवाट नाही. ‘आपला प्रेक्षक’ म्हटलं तर लेखिका त्यात आली. ‘आमचा प्रेक्षक’ म्हटलं तर ती बाहेर राहिली. अनुवादकाला निवड करावीच लागते. म्हणून लेखातलं प्रत्येक ‘आवर’ तपासा. अधिकारी बोलत असेल तर बहुतेक जागी ‘आमचा’च बसेल, आणि ते बोचलं तरी बोचू द्या.

या ‘आमच्या’चा अंदाज कितीदा चुकला आहे! ईसा रे या ब्लॅक लेखिका-अभिनेत्रीनं 2011 मध्ये यूट्यूबवर स्वतःच मालिका सुरू केली. पुढचे भाग करण्यासाठी प्रेक्षकांनी किकस्टार्टरवरून 56 हजार डॉलरांहून जास्त वर्गणी दिली. एचबीओ या चॅनेलवर तिची ‘इन्सिक्युअर’ ही मालिका आली ती 2016 मध्ये. जॉर्डन पीलचा ‘गेट आउट’ हा सिनेमा सुमारे 45 लाख डॉलरांत झाला आणि त्यानं जगभरात 25 कोटींहून अधिक मिळवले. मूळ पटकथेचं ऑस्कर मिळवणारा पील हा पहिला ब्लॅक लेखक, तेही 2018 साली! मॅकिन्झी या सल्लागार कंपनीनं 2021 च्या अहवालात असं मांडलं की ब्लॅक लोकांच्या वाटेतले अडथळे काढले तर हॉलिवूडला वर्षाला 10 अब्ज डॉलर जास्त मिळू शकतील. प्रेक्षक होताच. बैठकीच्या खोलीत त्याला ओळखणारं कुणी नव्हतं.

जाहिरातीत ही ओळख करून देण्याचं काम टॉम बरेल या ब्लॅक जाहिरातकारानं केलं. 1961 मध्ये शिकागोच्या एका एजन्सीत तो टपाल वाटण्याच्या कामावर लागला आणि 1971 मध्ये त्यानं स्वतःची एजन्सी काढली. ‘काळे लोक म्हणजे गडद कातडीचे गोरे नव्हेत’, हे त्याचं म्हणणं. मॅकडोनाल्ड्स, कोका-कोलासारख्या कंपन्यांना त्यानं हे पटवलं. (इथं ‘पटवणे’ चालेल. तो त्यांच्याच फायद्याचं बोलत होता.) जाहिरात आवडणं-नावडणं पुढचं, आधी हा ग्राहक आहे आणि त्याचं घर असं असतं, हेच सांगायचं. गोऱ्या स्पर्धकाला ही पहिली पायरी चढावीच लागत नाही. लेखात जिथं ‘पिचिंग’च्या दमणुकीबद्दल येईल, तिथं हा जास्तीचा टप्पा वाचकाला दिसला पाहिजे.

प्रतिसाद

एक पुरवणी. मूळ लेखात ‘ब्लॅक’चा बी मोठा असेल. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेनं जून 2020 पासून तो मोठा लिहायला घेतला, कारण हा शब्द एका समाजाचं नाव आहे, नुसता रंग नव्हे. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत. ‘कृष्णवर्णीय’ सभ्य आहे खरा, पण तो पुन्हा रंगच सांगतो. म्हणून ‘ब्लॅक’च ठेवा. मराठीला तो परका नाही. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या संघटनेचं नाव डोळ्यांसमोर ठेवूनच.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘आपला-आमचा’ तपासायला बसले आणि एका जागी थांबले. ब्लॅक लेखक-अभिनेता डोनाल्ड ग्लोव्हर म्हणाला होता की, त्याची ‘अटलांटा’ ही मालिका खरी कशी करायची आहे हे चॅनेलला सांगितलं असतं तर ती झालीच नसती, आपण ती ट्रोजन घोड्यासारखी (ग्रीक कथेत पोटात सैनिक लपवून शत्रूच्या शहरात नेलेला लाकडी घोडा) आत नेली. इथं ‘मांडली’ कसं म्हणू?

प्रतिसाद

नका म्हणू. तिथं त्यानं मांडली नाही, लपवली. ‘त्यांना हवी तशी मालिका सांगितली आणि आपल्याला हवी ती केली’ एवढं सरळ लिहा. ट्रोजन घोडा ठेवायचा तर तसाच ठेवा, त्याला गनिमी कावा करू नका. गनिमी कावा लढाईतला असतो, आणि ग्लोव्हर तर त्याच चॅनेलच्या पगारावर होता.