त्सेदाका : दान, धर्म की देणं?

आमच्या शेजारच्या मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. ठाण्यात टेंभी नाक्याजवळचं १८७९ सालचं सिनेगॉग हे त्यांचं प्रार्थनास्थळ. दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, दिवे लावायच्या आधी त्या पत्र्याच्या एका डब्यात नाणी टाकायच्या. डब्याला वर फट होती आणि झाकण डाख देऊन बंद केलेलं, म्हणजे मनात आलं तरी काढता येणार नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन. विचारलं, "हे दान का?" म्हणाल्या, "दान नाही गं, त्सेदाका." आणि काडी ओढली.

आता त्या इस्राएलमध्ये अश्दोदला मुलाकडे असतात. नातवंडांसाठी आठवणी मराठीत सांगतात, मी इथे टंकून देते. या हिब्रू शब्दापाशी अडले आहे; ज्यू लोक गरजूला जे देतात ती त्सेदाका. त्सेदाकाचा धातू त्स-द-क. त्याच धातूपासून त्सेदेक म्हणजे न्याय आणि त्सादिक म्हणजे न्यायाने वागणारा माणूस. शब्दाच्या मुळात औदार्य कुठेच नाही, योग्य ते करणं आहे. 'दान' लिहिलं की देणाऱ्याचं पुण्य पुढे येतं आणि मावशींचा नकार ऐकू येतो. मराठीत काय लिहावं?

प्रतिसाद

'धर्म' चालेल का? "धर्म कर गं माय" या हाकेतला धर्म. दानधर्म, धर्मशाळा, धर्मादाय यांतलाही तोच. नीतीने वागणं आणि गरजूला देणं हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात, अगदी त्सेदाकासारखे. 

अरबीतला 'सदका' हा त्सेदाकाचा सगोत्र. 'जकात'ही मुळात धार्मिक देण्याचाच शब्द, पण मराठीत येईपर्यंत तो नाक्यावरचा कर झाला. शब्दांचं असं होतं, म्हणून 'धर्म'ला आजच्या एकाच अर्थात कोंडू नये असं मला वाटतं.

प्रतिसाद

जोडी सुरेख आहे, पण "धर्म कर गं माय" ही हाक पायरीखालून येते. मागणारा खाली, देणारी वर. त्सेदाकाची सगळी धडपड ही उतरंड मोडायची आहे. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात मार उकवा नावाच्या विद्वानाची गोष्ट आहे. शेजारच्या एका गरिबाच्या दाराच्या खोबणीत तो रोज चार झूझ (चांदीची नाणी) ठेवून जायचा. कोण ठेवतं ते त्या माणसाला ठाऊक नव्हतं. एक दिवस त्याने ठरवलं, आज बघायचंच. त्या दिवशी मार उकवाला अभ्यासगृहात उशीर झाला आणि बायकोही सोबत होती. दार हललेलं बघताच गरीब माणूस बाहेर आला. हे दोघं पळत सुटले आणि नुकताच विस्तव काढलेल्या एका भट्टीत शिरले. मार उकवाचे पाय पोळायला लागले. बायको म्हणाली, "तुझे पाय माझ्या पायांवर ठेव." तिचे पोळत नव्हते, याचं त्याला वाईट वाटलं. तिने कारण सांगितलं : मी घरात असते, माझ्याकडून मिळतं ते लगेच खाता येतं.

घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये म्हणून देणारे भट्टीत शिरतात. आणि त्यातही पैसा देणाऱ्यापेक्षा तयार भाकरी देणारी वरचढ ठरते. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली त्या वर्षी आमच्या वस्तीत धान्याची पाकिटं वाटली होती. प्रत्येक बाईला पाकीट हातात धरून फोटोसाठी उभं केलं होतं. एकीने पदर तोंडावर ओढून घेतला, तर वाटणारा म्हणाला, "ताई, चेहरा दिसू द्या." मी तिथे होते आणि काही बोलले नाही, ते अजून लागून राहिलं आहे.

प्रतिसाद

मायमोनिदीस या ज्यू धर्मपंडिताने १२व्या शतकात त्सेदाकाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्या इथे उपयोगी पडतील. सगळ्यांत खालची, तोंड वाकडं करून देणं. मधल्या पायऱ्यांत 'मागितल्यावर' आणि 'मागायच्या आधी' असा भेद आहे. एका पायरीवर तो जुन्या विद्वानांचं उदाहरण देतो : ते उपरण्याच्या टोकाला पैसे बांधून टोक पाठीवर सोडायचे, गरीब मागून येऊन सोडून घ्यायचे. कोणी नेले ते वळून बघायचं नाही. सगळ्यांत वरची पायरी म्हणजे कर्ज देणं, धंद्यात भागी करणं किंवा काम मिळवून देणं, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये.

आता सांगा, उसने पैसे किंवा भागीदारी याला मराठीत कोण 'दान' म्हणेल? 'धर्म'ही म्हणणार नाही.

प्रतिसाद

शेतीतून शब्द मिळेल का ते बघा. तोरात, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, सांगितलंय की कापणी करताना शेताचा कोपरा सोडायचा, तो 'पेआ'. खाली गळलेली कणसं उचलायची नाहीत, आणि विसरलेल्या पेंढीसाठी मागे फिरायचं नाही. गळलेल्या कणसांना आपल्याकडे 'सरवा' हा नेमका शब्द आहे. बायबलच्या गोष्टीतली गरीब विधवा रूथ बवाज या जमीनदाराच्या शेतात सरवाच वेचते. तो कोपरा शेतकरी 'देत' नाही, तो त्याचा नसतोच.

'बलुतं' हा शब्द डोक्यात आला होता. खळ्यावरचा तो हक्काचा वाटा असायचा. पण त्यामागे जातीने ठरवलेली कामं आहेत, म्हणून सोडून दिला.

प्रतिसाद

मग शब्द आपल्या तोंडातच आहे की : देणं. "मी त्याचं देणं लागतो" यात कर्ज आहे, "देवाचं देणं" यात भेट आहे. "आपण समाजाचं काही देणं लागतो" हे तर रोजचं वाक्य. त्यात उपकार नाही, पुण्य नाही. माझ्याकडे आहे त्यात दुसऱ्याचा वाटा आहे, तो पोचवायचा आहे.

याला आधारही आहे. त्सेदाकावर जगणाऱ्या गरिबानेही त्सेदाका द्यावी, असं तालमूद सांगतं. औदार्य असतं तर गरिबाला सूट मिळाली असती, देण्यातून सूट नाही. आणि तोराच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात गहाणाचा नियम आहे : गरिबाने अंगावरचं पांघरूण गहाण ठेवलं असेल तर सूर्य मावळताना ते परत करायचं, म्हणजे त्याला ते पांघरून झोपता येईल. ही तुझी त्सेदाका ठरेल, असं तिथे म्हटलंय. त्याचं त्याला परत करणं, हीच त्सेदाका.

प्रतिसाद

देणं फिटतं. त्सेदाका फिटते का?

प्रतिसाद

फिटत नाही, पण मोजता येते. दहावा हिस्सा हा सर्वसाधारण मानला, आणि पाचव्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नये असंही ठरवलं, नाहीतर देणाराच उद्या मागायला येईल. न मोजता येणारी गोष्ट वेगळी आहे, तिला 'गेमिलूत हसादीम' म्हणतात. त्सेदाका पैशाने आणि गरिबालाच. हे पैशानेही आणि अंगमेहनतीनेही, गरिबाला आणि श्रीमंतालाही, जिवंत माणसाला आणि मेलेल्यालाही. आजाऱ्याजवळ रात्र काढणं, मयताला खांदा देणं. त्याला आपण 'अडीअडचणीला उभं राहणं' म्हणतो. मजकुरात दोन्ही आले तर वेगळे ठेवा, एकाच 'मदत' शब्दात कोंबू नका.

धागा सुरू करणारी

मजकुरात त्सेदाकाच ठेवते आणि पहिल्यांदा येते तिथे 'देणं' असा खुलासा देते. लिंग स्त्रीलिंगी, हिब्रूतही तसंच आहे. क्रियापद मात्र राहिलं होतं. हिब्रूत त्सेदाका देतातही आणि करतातही, तोराच्या 'उत्पत्ती' या पुस्तकात अब्राहामाच्या वंशजांनी त्सेदाका आणि न्याय 'करावा' असं आहे. काल मावशींना फोन करून विचारलं, तुम्ही घरात काय म्हणायचात, दिली की केली?

थोडा वेळ आठवून त्या म्हणाल्या, "टाकली. शुक्रवारी कुकर लावता लावता आई ओरडायची, अरे त्सेदाका टाकली का कोणी? मला दिवे लावायचेत."

तेच लिहिलं आहे.