गुडघा बदलल्यावर एकच इंजेक्शन की कॅथेटर?
कोणीतरी म्हटलंय की गुडघा बदलायच्या ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून नर्व्ह ब्लॉकचं (नस बधिर करणारं) एकच इंजेक्शन पुरे, कॅथेटरची (नसेजवळ ठेवलेली, औषध सोडत राहणारी बारीक नळी) कटकट कशाला. अर्धं पटतं. त्या इंजेक्शनचा असर साधारण 12 ते 24 तास, आणि तो नेमका मध्यरात्री उतरला की कळ अशी येते की विचारू नका, म्हणून बधिरपणा जायच्या आधीच गोळी घ्यायची. आमच्या आईला म्हापशात कॅथेटर ठेवलेला, छोटा पंप कमरेला, औषध थेंबथेंब चालू, पण मे महिन्यातल्या घामाने पट्टी सुटली नि नळी सरकली, मग काय, पंप चालतोय आणि गुडघाही ठणकतोय! बाकी अ‍ॅडक्टर कॅनल ब्लॉक (मांडीच्या मध्यावर आतल्या बाजूने दिलेला) असेल तर मांडीत बरीच ताकद राहते, फिमोरल ब्लॉकमध्ये (जांघेजवळ दिलेला) मांडीची ताकद बरीच जाते. तरी एकट्याने बाथरूमला सोडू नका हां.