मदत हवी आहे : परिचारिकेची नोंदणी असूनही रुग्णालय पुन्हा नोंदणी मागते

पंचगंगाकाठ
माझी पत्नी नोंदणीकृत परिचारिका आहे. येथील एका खासगी रुग्णालयात तिची निवड झाली, परंतु कागदपत्रे पाहिल्यावर ‘ही नोंदणी चालणार नाही’ असे सांगून तिला प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू करून घेतले आणि वेतनही त्याच हिशेबाने देतात. नोंदणीची मुदत शिल्लक आहे, अनुभवही आहे. मग पुन्हा नोंदणी कशासाठी? नियम काय आहे आणि लवकरात लवकर काय करता येईल, एवढेच सांगावे. परिचर्या ही थोर सेवा आहे हे मला ठाऊक आहे. त्यावर प्रतिसाद नकोत.

निवृत्त अधिसेविका
नोंदणी कोणत्या परिषदेची आहे, अभ्यासक्रम ए.एन.एम. (साहाय्यक परिचारिका), जी.एन.एम. (सामान्य परिचर्येची पदविका) की बी.एस्सी. (पदवी), आणि शिक्षण कोणत्या राज्यात झाले, हे तिन्ही कळल्याखेरीज उत्तर देणे म्हणजे रुग्ण न पाहता औषध लिहून देणे होईल.

कलमबहाद्दर
वेतनाबाबत सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 च्या निकालानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली, की 200 हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने परिचारिकांना राज्य शासनाच्या समकक्ष पदाएवढे वेतन द्यावे, 100 ते 200 खाटांच्या रुग्णालयात ते दहा टक्क्यांहून आणि 50 ते 100 खाटांच्या रुग्णालयात पंचवीस टक्क्यांहून अधिक कमी नसावे, आणि 50 खाटांपर्यंतही महिना 20,000 रुपयांच्या खाली जाऊ नये. रुग्णालय किती खाटांचे आहे?

निवृत्त अधिसेविका
कलमबहाद्दर, शिफारस म्हणजे कायदा नव्हे. तिच्या अंमलाचे काम राज्यांकडे सोपवले गेले. शिवाय त्या मुळात परिचारिका म्हणून रुजूच झालेल्या नाहीत, मग परिचारिकेचे वेतन कोणत्या आधारावर मागणार? आधी नोंदणीचे पाहू.

पंचगंगाकाठ
बी.एस्सी. नर्सिंग, बेळगाव. त्यामुळे नोंदणी अर्थातच कर्नाटकची. भारतीय परिचर्या परिषद साऱ्या देशाची एक असताना राज्याचा प्रश्न येतोच कुठे? ती याच देशात शिकली आहे.

निवृत्त अधिसेविका
हे ‘अर्थातच’ पहिल्या प्रतिसादात आले असते, तर बरे झाले असते. 1947 च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय परिषद अभ्यासक्रमाचा दर्जा आणि पात्रतांची मान्यता पाहते. प्रत्यक्ष व्यवसाय करण्यासाठी ज्या नोंदवहीत नाव लागते, ती राज्याची असते. आपल्याकडे ती 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली महाराष्ट्र परिचर्या परिषद ठेवते. तेव्हा रुग्णालयाची मागणी चुकीची नाही. मात्र प्रशिक्षणार्थी म्हणायचे आणि रात्रपाळीत अख्खा कक्ष एकटीवर सोपवायचा, असे चालले असेल, तर ती रुग्णालयाची सोय आहे. तिला नियमाचे नाव देऊ नये.

दिलासा असा, की त्याच 1947 च्या कायद्याच्या कलम 11 नुसार मान्यताप्राप्त पात्रता कोणत्याही राज्याच्या नोंदवहीसाठी पुरेशी ठरते. नव्याने परीक्षा द्यावी लागत नाही. कर्नाटक परिषदेकडे ना-हरकत प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा, त्यात ‘महाराष्ट्र’ असे स्पष्ट लिहावे, आणि त्या आधारे येथे परस्पर नोंदणीचा, म्हणजे एका राज्याच्या नोंदणीवरून दुसऱ्या राज्यात नोंदणी मिळवण्याचा, अर्ज भरावा.

ऱ्हाइनकाठ
एवढ्या खटाटोपापेक्षा जर्मन भाषा शिका. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे आणि परिचारिकांना येथे जर्मनीत मोठी मागणी आहे. भाषेची बी-2 (मध्यमाच्या वरची) पातळी गाठली की बरीच दारे उघडतात.

सांगलीचा ब्रदर
तेथेही पदवीची मान्यता मिळवावी लागते आणि कागदपत्रे येथूनच न्यावी लागतात. खटाटोप टळत नाही, त्याचा फक्त अनुवाद होतो. मी स्वतः कर्नाटकातून जी.एन.एम. केले आहे. माझा सल्ला असा, की खासगीचा नादच सोडून एम्सची नॉरसेट ही परिचर्या पदांच्या भरतीची परीक्षा द्यावी. तिला कोणत्याही राज्य परिषदेची नोंदणी चालते आणि नागपूरचे एम्सही त्यात आहे. वहिनींना एक फायदा असा, की तेथे 80 टक्के जागा महिलांसाठी आहेत. आम्हा पुरुषांनी उरलेल्या 20 टक्क्यांत दाटीवाटीने बसायचे. यावर कोणी वेगळा धागा काढेल का?

पंचगंगाकाठ
नोकरी मिळालेली आहे. मला परीक्षाही नको आणि जर्मनीही नको.

कलमबहाद्दर
मुळात घाई कशाला? संसदेने 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसाहाय्य आयोगाचा कायदा संमत केला. तो 1947 चा कायदा रद्द करणारा आहे आणि त्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. तुमच्या अडचणीचे मूळच त्याने नाहीसे होईल.

निवृत्त अधिसेविका
त्या कायद्यातही राज्य आयोग आणि राज्याची नोंदवही आहेच. कायदा संमत होणे निराळे आणि खिडकीवरचा कारभार बदलणे निराळे. वाट पाहणाऱ्याचे वेतन मात्र या महिन्यापासूनच कमी पडते.

सांगलीचा ब्रदर
एक महत्त्वाचे राहिले. वहिनींच्या तुकडीच्या वेळी त्यांचे महाविद्यालय भारतीय परिषदेच्या यादीत होते का? 2017 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने परिषदेला महाविद्यालयांना मान्यता देण्याचा अधिकार नाही असे म्हटल्यानंतर अनेक महाविद्यालयांनी तिकडे पाठ फिरवली, आणि तेथे शिकलेल्यांना परराज्यात त्याबद्दल प्रश्न विचारले गेले.

कलमबहाद्दर
अधिकारच नसेल, तर यादीचा प्रश्न विचारणेही चूक. कलम 11 पात्रतेबद्दल बोलते, महाविद्यालयाबद्दल नव्हे.

सांगलीचा ब्रदर
हा युक्तिवाद न्यायालयात शोभेल. अर्ज घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुलीच्या हाती कागद हवा.

निवृत्त अधिसेविका
कलमबहाद्दर यांचे म्हणणे कायद्याला धरून आहे, तरीही महाविद्यालयाकडून प्रवेशवर्षाच्या मान्यतेची प्रत मागून ठेवावी. ती जोडल्याने तोटा काहीच नाही. पंचगंगाकाठ, प्रवेशाचे वर्ष सांगा. आणि कर्नाटकची नोंदणी कोणत्या नावाने आहे?

पंचगंगाकाठ
प्रवेश 2014 चा. नोंदणी माहेरच्या नावाने, आधार लग्नानंतरच्या नावाने. त्याने काय फरक पडतो?

निवृत्त अधिसेविका
वर्षाची फारशी चिंता नको. प्रवेश त्या निकालाच्या आधीचा आहे. फरक नावानेच पडेल. पडताळणीत आधार आणि नोंदणीची नावे जुळली नाहीत, तर अर्ज त्रुटीत निघतो. पदवी, गुणपत्रिका आणि कर्नाटकची नोंदणी ज्या नावाने आहेत, त्याच नावाने ना-हरकत मागावी. सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदलाची राजपत्रातील प्रत जोडावी. नावबदल आधी तेथे करून घ्यावा की येथील नोंदणीनंतर, हे अर्ज भरण्यापूर्वी दोन्ही परिषदांना लेखी विचारावे, तोंडी नको. राजपत्रात नाव प्रसिद्ध झाले आहे का?

पंचगंगाकाठ
नाही.

निवृत्त अधिसेविका
मग उद्या त्यापासूनच सुरुवात करा. ना-हरकतीचा अर्जही त्याबरोबरच तयार ठेवा, आणि रुग्णालयाला लेखी कळवा की परस्पर नोंदणीची प्रक्रिया सुरू केली आहे व नोंदणी हाती येताच परिचारिका पदावर नेमणूक मिळावी. त्या पत्राची पोच अवश्य घ्या.