नुकताच पाहिलेला सिनेमा आणि तुम्ही

परीक्षणं आपण सगळेच वाचतो. इथे ती नकोत, तारेही नकोत. गेल्या दोन-तीन वर्षांतला एखादा गाजलेला सिनेमा तुम्ही पाहिला असेल, थेटरात किंवा घरी. त्यातलं काय मनात राहिलं, काय खटकलं, शेजारी कोण बसलं होतं, तेवढं लिहा. सुरुवात मी करते.

'दशावतार' मी ठाण्यात पाहिला, बाबांना घेऊन. आमचं गाव कुडाळजवळ. लहानपणी देवळासमोर रात्रभर बसून बाबांनी दशावतार, म्हणजे आमच्याकडची लोकनाट्यं, पाहिलेली. लिहिलेली संहिता नसायची, राजाने राणीला काय उत्तर द्यायचं ते उभ्याउभ्या सुचायचं. त्यामुळे पडद्यावरचं त्यांना खोटं वाटेल अशी मला धास्ती होती. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री दिसला आणि बाबा खुर्चीत पुढे सरकले. "ह्यो आमच्यातलोच गो," म्हणाले. नजर अधू होत चाललेला म्हातारा नट आणि त्याने आता थांबावं म्हणून मागे लागलेला मुलगा, या दोघांचे प्रसंग मला फार आवडले. २०२५ मध्ये सिनेमा आला तेव्हा प्रभावळकर ८१ वर्षांचे होते, हे मला आजही खरं वाटत नाही. उत्तरार्धात सूडाची गोष्ट सुरू होते, आवाज वाढतो, तिथे माझं मन जरा उडालं. बाबांचं नाही. खाणीचा विषय निघाल्यावर त्यांनी माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

*

जुना चालेल का? 'बाईपण भारी देवा', २०२३. आम्ही भिशीतल्या अकराजणी साताऱ्यात गेलो, सगळ्या नऊवारीत. मंगळागौरीचे खेळ लागले तेव्हा पुढच्या मोकळ्या जागेत चौघी-पाचजणींनी फुगडी घातली, कोणी अडवलं नाही. सहा बहिणींपैकी प्रत्येकीचं दुखणं वेगळं, आणि ते सांगायला कोणाला वेळ नाही, हे केदार शिंद्यांनी नेमकं पकडलंय. काही प्रसंग ताणलेत, हेही खरं.

माझी थोरली बहीण कराडला असते. आईच्या पाटल्यांवरून आमचं बोलणं बंद होतं. तिनेही त्याच आठवड्यात तिच्या मैत्रिणींबरोबर पाहिला आणि रात्री फोन केला, "तुला सहांतली कोणती आवडली गं?" पाऊण तास बोललो. पाटल्यांचा विषय निघाला नाही.

*

'छावा'बद्दल दोन्ही बाजूंनी इतकं बोललं गेलंय की लिहू की नको असं झालं होतं. मी नऊ वर्षांच्या मुलाला नेलं आणि ते मला आज चुकीचं वाटतं. शेवटचा छळाचा भाग फार लांब आहे. मुलाने माझ्या शर्टात तोंड लपवलं. पण बाहेर जाऊया का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाला. दिवे लागले तरी लोक उठत नव्हते.

विकी कौशलने जीव ओतलाय. अक्षय खन्नाचा औरंगजेब जवळजवळ कुजबुजतो आणि त्यामुळेच जास्त भीती वाटते. पार्श्वसंगीत मला त्या काळाचं वाटलं नाही. आणि एक कमतरता खुपली: 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ रचणारे संभाजीराजे, पंडित संभाजीराजे, पडद्यावर फारसे भेटलेच नाहीत. मुलाला फक्त तलवार कळली. म्हणून पुढच्या रविवारी त्याला वढू-तुळापूरला नेलं. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर उभं राहून त्याने विचारलं, "बाबा, ते कविता पण करायचे?" मग घरी येईपर्यंत गाडीत तेवढाच विषय.

*

आम्ही 'लापता लेडीज' घरीच पाहिला, सासूबाई, मी आणि धाकटी नणंद. छाया कदमांच्या मंजू माईवर आम्ही दोघी खूश. हरवलेल्या नव्या नवरीला, फूलला, सासरच्या गावाचं नाव सांगता येत नाही, तिथे नणंद म्हणाली, असं कुठे असतं? सासूबाई म्हणाल्या, "माझ्या वडलांनी पत्ता लिहून पदराच्या गाठीत बांधून दिला होता. मला वाचता येत नव्हतं. हरवले तर कोणालातरी दाखव म्हणाले." लग्नाला एकोणीस वर्षं झाली माझ्या, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली.

*

'ट्वेल्थ फेल'. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी मी सहा वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत होतो. अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसवरची खोली. सिनेमात दिल्लीचं मुखर्जीनगर आहे, पण भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक तेच, घरी फोनवर बोलायचं खोटंही तेच. विक्रांत मेस्सीने मनोजकुमार शर्मांचं काम फार प्रामाणिकपणे केलंय. ते आपल्या महाराष्ट्र केडरचे पोलीस अधिकारी, त्यामुळे आमच्याकडे मुलांना ते जवळचे वाटतात.

पण मी रडलो गौरीभैयासाठी. शेवटचा अटेम्प्ट जातो आणि तो चहाची टपरी टाकून इतर पोरांना शिकवत राहतो. लोक मला हा सिनेमा 'बघ, जिद्द असली की होतं' म्हणून पाठवत होते. जिद्द आमच्या खोलीतल्या चौघांकडेही होती. एकजण तहसील कार्यालयात लागला, बाकी तिघे घरी परतलो. मी निफाडला वडिलांची द्राक्षबाग बघतो. ज्याचं होत नाही त्याच्याकडेही त्या सिनेमाने मान वर करून पाहिलं, म्हणून मी तो तीनदा पाहिला.

*

निफाडकर, तुमचं वाचून थांबले थोडा वेळ.

मी 'सैयारा' मुलीच्या हट्टाखातर पाहिला. गाणी ठीक, प्रेम जरा घाईचं. त्यातल्या मुलीला ऐन तारुण्यात अल्झायमर होतो. माझ्या आईला तो पाच वर्षं होता. खऱ्या घरात तो इतका देखणा नसतो. तिथे गॅस चालू राहिलेला असतो, रात्री तीनला दार उघडं सापडतं. हे मला बोलायचं होतं, पण मुलगी रडत होती आणि मध्येच म्हणाली, "आजी मला माझ्या नावाने हाक मारायची नाही तेव्हा मी तिच्यावर चिडायचे." मग मी काही बोलले नाही. तिला जवळ घेतलं.

*

पहिल्या अनुभवाला उत्तर. मी गोव्यातल्या पेडण्याचा, आमच्याकडेही दशावतार होतो. तुमच्या बाबांना सांगा, कार्तिकानंतर जत्रा सुरू होतील. आमचे कलाकार अजूनही आपलं तोंड आपणच रंगवतात, पेटी आणि मृदंग शेजारीच वाजत असतो. नाटक सुरू व्हायला रात्रीचे अकरा-बारा होतात. थंडी असते, बाबांसाठी शाल आणा. बसायला पुढची जागा मी धरून ठेवतो.