घरी मिसळलेल्या ई-लिक्विडला चव का लागत नाही?

लेस्टरवासी

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात राहतो. बरीच वर्षे सिगारेट ओढत होतो, ती सोडण्यासाठी व्हेपिंगकडे, म्हणजे ई-सिगारेटची वाफ ओढण्याकडे वळलो आणि आता तिच्यात भरायचे द्रव, म्हणजे ई-लिक्विड, घरीच मिसळतो. भारतात या वस्तूंवर बंदी आहे याची मला कल्पना आहे. माझा प्रश्न इथल्या वापरापुरताच आहे.

अडचण अशी की मिश्रणाला चव म्हणून लागत नाही. मी आंबा आणि व्हॅनिला कस्टर्ड असे दोन कॉन्सन्ट्रेट (चवीचे तीव्र अर्क) घेतो. ६० मिलीच्या बाटलीत आधी ५० मिली मिश्रण तयार करतो. त्यात आंबा ६ टक्के, कस्टर्ड ४ टक्के, गोडीसाठी कॉटन कँडी २ टक्के आणि उरलेला बेस ७० टक्के व्हीजी (दाट व्हेजिटेबल ग्लिसरीन) व ३० टक्के पीजी (पातळ प्रोपिलिन ग्लायकॉल) असतो. शेवटी मिलीला १८ मिलीग्रॅम निकोटीन असलेल्या बिनचवीच्या द्रवाची १० मिलीची एक बाटली, म्हणजे निकोटीन शॉट, ओततो. सगळी मापे २० थेंबांचा एक मिली धरून घेतो. मग बाटली गरम पाण्यात धरून हलवतो आणि वास खुलावा म्हणून झाकण न लावता दोन दिवस कपाटात ठेवतो. झाकण उघडे असताना आंब्याचा वास घमघमतो, पण बाटली वापरायला काढली की तो कुठे जातो कळत नाही. एकूण फ्लेवर १८ टक्क्यांपर्यंत वाढवला तेव्हा चव वाढण्याऐवजी अत्तर तोंडात गेल्यासारखी कडवट झाली. विशेष म्हणजे मी झुरका घेतला की पत्नी शेजारच्या खोलीतून विचारते, "आंबा कापलास का?" आणि मला मात्र नुसती वाफ जाणवते.

यात नेमके काय बदलावे? आणि चव वाढवण्यासाठी स्वयंपाकघरातला मँगो इसेन्स किंवा वेलचीचे तेल दोन-चार थेंब टाकले तर चालेल का? वेलचीशिवाय आंबा मला अपुराच वाटतो.

निशिगंध

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो थांबण्यासारखा नाही. इसेन्स नको आणि वेलचीचे तेल तर मुळीच नको.

मी औषधांच्या दुकानात काम करते, तेव्हा हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत कानावर येतो आणि त्यामागचा समज प्रत्येक वेळी सारखाच असतो: जे खाल्लेले चालते ते वाफेतून घेतलेलेही चालेल. पोटात गेलेले तेल पचते. फुफ्फुसात गेलेल्या तेलाला पचवणारी कोणतीही व्यवस्था तिथे नसते, ते तिथेच साचते आणि त्यातून लायपॉइड न्यूमोनिया, म्हणजे तेलामुळे फुफ्फुसाला येणारी सूज, होऊ शकतो. २०१९ साली अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुफ्फुसांना गंभीर इजा होण्याची जी साथ आली, तिच्यात फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले किंवा त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यांतील मृतांची संख्या ६८ होती. त्यामागचे मुख्य कारण होते प्रामुख्याने व्हेपिंगच्या यंत्रात बसवायच्या, गांजाच्या अर्काच्या काडतुसांमध्ये (कार्ट्रिजमध्ये) मिसळलेले व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. हा पदार्थ क्रीममध्ये आणि पूरक आहाराच्या गोळ्यांमध्ये सर्रास असतो आणि तिथे तो निरुपद्रवी असतो, हे लक्षात घ्यावे.

बाजारातल्या खाद्य इसेन्समध्ये कधी तेल असते, कधी साखर, कधी रंग, आणि बाटलीवर पूर्ण यादी असेलच असे नाही. गुलाबपाणी, केवडा, अत्तर, केशराचा अर्क, घरी मिक्सरमधून काढलेला रस, हे सगळे याच गटात धरा. वेलची हवीच असेल तर ई-लिक्विडसाठी बनवलेला, पीजीमध्ये विरघळवलेला वेलचीचा कॉन्सन्ट्रेट शोधा, आणि विक्रेत्याने घटकांची माहिती दिलेली असेल तरच घ्या.

तुमच्या कस्टर्डबद्दलही एक सांगायचे आहे. लोण्यासारख्या, मलईदार चवीसाठी डायअसिटिल हे रसायन पूर्वी फार वापरले जाई. अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या जॅस्पर इथल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातील कामगारांना त्याच्या वाफेने श्वासनलिकांचा कायमचा आजार जडला, हे २००० साली उघडकीस आले. ब्रिटनमध्ये ई-लिक्विडचा घटक म्हणून डायअसिटिलला मनाई आहे; पण परदेशी संकेतस्थळांवरून खाद्य फ्लेवर म्हणून मागवलेली बाटली त्या नियमाच्या कक्षेत बसतेच असे नाही. पुष्कळदा त्याच्या जागी असिटाइल प्रोपिओनिल घातलेले असते आणि ते काही फारसे बरे नाही. फ्लेवर १८ टक्क्यांवर नेताना तुम्ही केवळ चव वाढवली नाहीत, फुफ्फुसात जाणारी ही सगळी रसायनेही जवळपास दीडपट केलीत.

तोळामासा

निशिगंधताईंचे म्हणणे पूर्ण मान्य. आता हिशेबाकडे वळू, कारण तुमच्या मजकुरातच बरीचशी उत्तरे आहेत.

पहिली गळती निकोटीन शॉटमध्ये आहे. तुम्ही टक्केवारी ५० मिलीवर काढता आणि नंतर १० मिली बिनचवीचे द्रव ओतता. ६ टक्क्यांप्रमाणे आंबा झाला ३ मिली; तो ६० मिलीत पसरला की उरतो ५ टक्के. कस्टर्ड ४ वरून ३.३ टक्क्यांवर येते. दुकानात अर्धवट भरलेल्या ज्या मोठ्या बाटल्या मिळतात, त्यांत ही घट गृहीत धरून फ्लेवर मुद्दाम जास्त घातलेला असतो. घरी मिसळताना टक्केवारी शेवटच्या एकूण मापावर काढायची, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. निकोटीनचा हिशेब मात्र तुमचा बरोबर आहे: १८ गुणिले १० म्हणजे १८० मिलीग्रॅम, ते ६० मिलीत, म्हणजे मिलीला ३.

दुसरी गळती थेंबांची. २० थेंबांचा मिली हे पाण्याचे जुने माप आहे. पीजीमधला पातळ कॉन्सन्ट्रेट बारीक तोंडाच्या बाटलीतून पडतो तेव्हा मिलीला तीस थेंबही भरतात. तसे असेल तर तुमचे आंब्याचे साठ थेंब ३ मिली नसून २ मिली आहेत, आणि कागदावर ६ टक्के दिसणारा आंबा बाटलीत साडेतीन टक्क्यांच्याही आत आला. शिवाय प्रत्येक बाटलीचे तोंड निराळे, त्यामुळे आंबा आणि कस्टर्ड यांचे प्रमाणही दर वेळी बदलते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या, बाटली वर ठेवून काटा शून्यावर आणा आणि एकेक घटक वजनाने ओता. पीजीचा एक मिली साधारण १.०४ ग्रॅम भरतो, व्हीजीचा १.२६ ग्रॅम, बहुतेक कॉन्सन्ट्रेट पीजीच्या आसपास असतात. सिरिंज धुण्याची कटकटही यात वाचते.

तिसरी गोष्ट उघड्या झाकणाची. आंब्यासारख्या फळांच्या फ्लेवरमधले वासाचे घटक अत्यंत उडनशील असतात. दोन दिवस कपाटात घमघमाट सुटला तो बाटलीतूनच गेला. आधी गरम पाणी आणि मग उघडे तोंड, म्हणजे फळाला निरोप देण्याची सगळी तयारी झाली. हवा आणि उष्णता यांनी निकोटीनचेही ऑक्सिडीकरण होते, त्याचा रंग गडद होतो आणि घशाला तिखट झोंबते. झाकण घट्ट लावा, बाटली जोरात हलवा आणि अंधारात ठेवा. फळे एक-दोन दिवसांत बसतात. कस्टर्डला मात्र मुरायला दोन ते चार आठवडे द्यावे लागतात, त्याआधी त्याची चव पातळ आणि किंचित रासायनिक लागते. व्हॅनिलामुळे मिश्रण मुरताना तपकिरी होते, त्याने घाबरू नये. तुमच्या पाककृतीची खरी पंचाईत इथेच आहे, कारण कस्टर्ड तयार होईपर्यंत आंबा मंद होतो. अनुभवी मंडळी कस्टर्डचा भाग वेगळा मुरवून ठेवतात आणि फळ नंतर घालतात.

चौथे, ती कॉटन कँडी. तिच्यात मुख्यतः इथाइल माल्टॉल असते. अर्ध्या-एक टक्क्यात ते कडा गोलसर करते, पण जास्त झाले की बाकीच्या चवींवर पांघरूण घालते. शिवाय कस्टर्डच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये ते बहुधा आधीच असते. ती सरळ काढून टाका. सुक्रालोजचे स्वीटनरही त्याऐवजी घालू नका; ते कॉइलवर (द्रव तापवणाऱ्या तारेवर) जळून काळा थर धरते आणि तापल्यावर त्याचे विघटन होऊन नको ती क्लोरिनयुक्त संयुगे तयार होतात.

जाता जाता, हापूसची अपेक्षा ठेवू नका. मी चाखलेले बहुतेक आंबे हे डब्यातल्या रसाच्या वळणाचे असतात, आणि उत्तम मोजमापाने ते बदलत नाही.

जुना रेडिओ

तुमचे यंत्र कोणते, हे कुणीच विचारले नाही. ७० टक्के व्हीजीचे द्रव दाट असते आणि सिगारेटसारखी वाफ आधी तोंडात ओढायच्या छोट्या पॉडमधला (कमी ताकदीच्या छोट्या यंत्रामधला) एक ओहमच्या वरचा, म्हणजे जास्त विद्युतरोधाचा, कॉइल ते पुरेशा वेगाने शोषू शकत नाही. कॉइलमधला द्रव शोषणारा कापूस अर्धवट कोरडा राहतो, वाफ तापते आणि चव आधी फिकी, मग करपलेली लागते. अशा यंत्रात निम्मे-निम्मे प्रमाण ठेवावे. पीजीत चव अधिक उठून दिसते, हा वरचा फायदा. तुमच्याकडच्या हिवाळ्यात तर व्हीजी आणखी घट्ट होते.

करपट चव आली तर झुरका तिथेच थांबवावा आणि कॉइल बदलावा, कारण कोरडा कापूस तापला की फॉर्मल्डिहाइडसारखी घातक संयुगे वाढतात. चव लागत नाही म्हणून वॉट वाढवत जाणे हा त्यावरचा उपाय नव्हे. कॉइलवर जी मर्यादा छापलेली असते तिच्या खालच्या टोकापासून सुरुवात करावी.

निशिगंध

पत्नीला वास येतो आणि तुम्हाला येत नाही, या वाक्याकडेही सर्वांनी पाहावे. त्याचा अर्थ आंबा वाफेत आहे आणि नाक त्याला सरावले आहे. दिवसभर एकच गंध घेत राहिले की नाक तो नोंदवणे सोडून देते. अगरबत्तीच्या दुकानात बसणाऱ्याला अगरबत्ती कळत नाही, तसेच हे आहे. अशा वेळी फ्लेवर वाढवून उपयोग होत नाही, उलट सराव पक्का होतो. दोन-तीन दिवस पूर्ण वेगळी किंवा बिनचवीची बाटली वापरा, पाणी भरपूर प्या, कारण पीजी आणि व्हीजी दोन्ही तोंड कोरडे पाडतात, आणि वाफ थोडी नाकातून सोडून पाहा, कारण आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा वासाचा असतो. सिगारेट सोडल्यावर वासाची जाण हळूहळू परतते, त्याला आठवडे किंवा महिनेही लागू शकतात. जेवणाचा वासही येत नसेल तर मात्र मिश्रणाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

लेस्टरवासी

सर्वांचे आभार. पॉड छोटाच आहे आणि कॉइल १.२ ओहमचा आहे. फोडणीचा वास व्यवस्थित येतो, त्यामुळे नाक आंब्यापुरतेच सरावलेले दिसते. काटा मागवला आहे. आता सगळे एकदम बदलू की टप्प्याटप्प्याने? आणखी एक, परदेशातून ७२ मिलीग्रॅमचे निकोटीन मागवले तर शॉटचे द्रव कमी घालावे लागेल आणि चव दाट राहील, असे एका मित्राने सुचवले आहे. ते करावे का?

तोळामासा

टप्प्याटप्प्याने, आणि निकोटीन न घालता. १० मिलीची काचेची बाटली घ्या, बेस निम्मे-निम्मे ठेवा आणि फक्त आंबा ६ टक्के घाला, म्हणजे ०.६ मिली, वजनाने सुमारे ०.६२ ग्रॅम. झाकण लावून एक दिवस ठेवा आणि नव्या कॉइलवर, सकाळी, चहाच्या आधी चाखा. तो आंबा स्पष्ट लागला तर कॉन्सन्ट्रेट चांगला आहे, दोष बाकीच्या रचनेत होता. न लागल्यास ८ टक्क्यांची दुसरी बाटली करा, पण आधी त्या कंपनीची शिफारस पाहा. फ्लेवर आर्टचे इटालियन कॉन्सन्ट्रेट बरेचसे १ ते ४ टक्क्यांतच पुरे होतात, कॅपेला या दुसऱ्या कंपनीचे त्याहून जास्त लागतात, आणि एकाची टक्केवारी दुसऱ्याला लावली की एकतर पाणी होते किंवा अत्तर. आंबा ठरल्यावर मुरलेले कस्टर्ड २ टक्क्यांपासून वर न्या. प्रत्येक बाटलीवर तारीख, घटक आणि वजन लिहून ठेवा.

निशिगंध

मित्राचा सल्ला ऐकू नका. ब्रिटनमध्ये २०१६ च्या नियमांनुसार किरकोळ विक्रीत निकोटीनची मर्यादा मिलीला २० मिलीग्रॅम आणि बाटलीचे माप १० मिली आहे. ७२ मिलीग्रॅमच्या द्रवात एका मिलीची चूकही मोठी ठरते, ते त्वचेतून शोषले जाते, आणि घरात लहान मूल असेल तर असली बाटली ठेवूच नये. शॉटमुळे होणारी चवीची घट वरच्या हिशेबाने भरून निघते, त्यासाठी इतका धोका पत्करण्याचे कारण नाही. १८ मिलीग्रॅमचा शॉट हाताळतानाही नायट्राइलचे हातमोजे घाला, सांडल्यास लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, स्वयंपाकाच्या ओट्यावर मिसळू नका आणि सगळे सामान कुलपात ठेवा. कुणाच्या पोटात गेल्यास उलटीची वाट न पाहता तातडीची वैद्यकीय मदत मागवा.

सुट्टीत भारतात येणार असाल तर यातले काहीही सामानात घेऊ नका. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, वाहतूक आणि साठवण या तिन्ही गोष्टी गुन्हा ठरतात. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या दिवसांसाठी निकोटीनचे च्युइंगगम किंवा पट्टी वापरता येईल; मात्रा निघण्यापूर्वी तिथल्या फार्मसिस्टकडून ठरवून घ्या.