निकाल आवडला, पण भावाच्या लग्नाचं काय?

सिंहगडरोडवाली: ४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालात भाजप २४० वर थांबला, बारामतीतून सुप्रियाताई सुळे परत आल्या, मला मनापासून आनंद झाला. माझा भाऊ आणि त्याचा जोडीदार धायरीत राहतात, म्हणजे ताईंच्याच मतदारसंघात, आणि २०२२ मध्ये स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट बदलून समलिंगी लग्नाला मान्यता द्या असं खासगी विधेयक ताईंनीच मांडलेलं. पण जुनी लोकसभा विसर्जित झाली तसं ते विधेयकही गेलं, आता परत पहिल्यापासून. मध्यंतरी भावाचं ऑपरेशन होतं तर फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' पुढे जोडीदाराने 'मित्र' लिहिलं, काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला, रक्ताच्या नात्यातलं कोणी असेल तर बोलवा म्हणाल्या. मी हडपसरहून ट्रॅफिकमधनं पोचेपर्यंत तो बिचारा तिथेच पेन धरून उभा. त्याच्या गोळ्या, रिपोर्ट, अ‍ॅलर्जी सगळं त्याला पाठ, आणि सही माझी चालली! कसला पूर्ण आनंद होणार सांगा.

पेठकर: ताई, तुमच्या भावाबाबत झालं ते चूकच. पण त्यासाठी मृत्युपत्र, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, नॉमिनेशन आहे की. लग्न आपल्याकडे संस्कार आहे, त्याला हात लावला की दत्तक, वारसा, पोटगी सगळंच उकरावं लागेल. लग्नाचा मूलभूत हक्क नाही हे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलंय. आणि लोकांनी मतं दिली ती कांदा, महागाई, नोकऱ्यांवर, यावर नाही.

वकिलीण_कोथरूड: अर्धंच सांगताय. लग्नावर एकमत होतं, पण सिव्हिल युनियनवर, म्हणजे लग्न न म्हणता जोडप्याला कायदेशीर मान्यता देण्यावर, निकाल ३-२ ने विरोधात गेला, न्यायमूर्ती चंद्रचूड आणि कौल बाजूने होते. आणि संस्काराचं म्हणाल तर स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट १९५४ पासून आहे, त्यात ना होम लागतो ना सप्तपदी, तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार. मागणी त्या कायद्यात बदलाची होती, तुमच्या मांडवात कुणी येत नाहीये.

हिंजवडी_आयटी: मी स्वतः गे आहे आणि मला विरोधकांच्या जागा वाढल्याचं काहीच कौतुक नाही. काँग्रेसने जाहीरनाम्यात सिव्हिल युनियनचा कायदा आणू म्हटलं तेही 'व्यापक चर्चेनंतर', पुण्यातल्या प्रचारात तर मला एक शब्द ऐकू आला नाही. आमची मतं गृहीत धरतात दोन्हीकडचे.

पेठकर: कारण समाज तयार नाही हो! आधी समाज, मग कायदा.

सिंहगडरोडवाली: पुण्यात बसून हे म्हणताय? विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, अण्णा कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं १८९३ ला, आणि तेव्हासुद्धा त्यांच्या गावच्या मुरूडकरांनी वाळीत टाकलंच. समाज तयार व्हायची वाट बघितली असती तर कायदा कधी झाला असता?

पेठकर: म्हणजे कायद्याने मनं बदलली नाहीतच की, माझाच मुद्दा झाला.

सिंहगडरोडवाली: मनं नसतील बदलली, पण लग्न कायदेशीर होतं, मुलं कायदेशीर होती, ते कुणाला नाकारता आलं नाही. माझ्या भावाला तेवढंच हवंय. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमलीये, रेशनकार्ड, जॉइंट अकाउंट, दवाखाना वगैरे बघायला. मी ताईंच्या ऑफिसला पत्र देतेय, विधेयक परत मांडा म्हणून. खडकवासल्यातले, म्हणजे ताईंच्या मतदारसंघातले, अजून कोणी सही करणार असाल तर सांगा.

पेठकर: दवाखान्याच्या सहीपुरतं पत्र असेल तर मीपण करतो. लग्नासाठी नाही.

हिंजवडी_आयटी: मी करतो, पण पत्रात लग्न हा शब्द ठेवा. तो काढणार असाल तर माझी सही नको.