६३ चा कौल विलीनीकरणाचा होता म्हणता? मग ६७ च्या मार्चचे काय?

मांडवीपार
परवा इथे एका महाशयांनी लिहिले की ९ डिसेंबर १९६३ ला गोव्याने महाराष्ट्रात जायचे ठरवलेच होते, पुढे ६७ ला शब्द फिरवला. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

पहिल्या निवडणुकीत ३० जागा, त्यातल्या २८ गोव्यातल्या, दमण आणि दीवची एकेक. विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, म्हणजे मगोच्या बाजूला १६, ते नको म्हणणाऱ्या युनायटेड गोवन्सला १२. मुक्ती देणाऱ्या काँग्रेसला गोव्यात भोपळा, दमणमधून काय ती एक. इथवर ठीक. मग १६ जानेवारी १९६७ ला थेट विचारले, फूल म्हणजे विलीनीकरण, की दोन पाने म्हणजे केंद्रशासित राहणे? विलीनीकरण ३४,०२१ मतांनी पडले. आणि लगेच मार्चमध्ये विधानसभेला त्याच लोकांनी मगोला पुन्हा १६ जागा दिल्या! मगोचे मुख्यमंत्री भाऊ बांदोडकर हवेत, विलीनीकरण नको. हा फरक तेव्हाच्या अंगठेबहाद्दराला कळत होता.

कोल्हापुरी ठसका
ते महाशय मीच. नमस्कार.
पक्षाच्या नावातला पहिला शब्दच ‘महाराष्ट्रवादी’. लोकांनी काय नुसते ‘गोमंतक’ वाचून मगोच्या सिंहावर शिक्का मारला? लोकसभेच्या दोन्ही जागाही त्याच बाजूला गेल्या होत्या. निवडून आलेल्या विधानसभेने ठरवायचे सोडून कौलाचा घाट घातला कोणी? आणि त्याआधी बांदोडकरांना राजीनामा द्यायला लावून राष्ट्रपती राजवट आणली. याला आमच्याकडे रडीचा डाव म्हणतात.

सासष्टीकर
राजीनामा दिला नसता तर मामलेदारापासून तलाठ्यापर्यंत सगळे फुलाचे हार घेऊन फिरले असते. रडीचे म्हणाल तर मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोंयकारांच्या वसतिगृहांत, राहणाऱ्या आमच्या माणसांना मतच नव्हते. माझा आजोबा बोटीवर खलाशी, सुटीला मुंबईत. पेपर वाचून रडला म्हणे. युनायटेड गोवन्सच्या जॅक सिक्वेरांनी मागणी केली होती की बाहेरच्या गोंयकारांनाही मत द्या. ऐकले कोणी?

फोंड्याचा पाव
तुम्ही दोघेही नकाशावर भांडताय. ६३ ची निवडणूक नकाशाची नव्हतीच.

माझी आजी कुळाच्या घरातली. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, अंगणात चपला हातात घेऊन जायचे, पायरीखाली उभे राहायचे. मतदानाच्या आदल्या दिवशी मुकादम येऊन सांगून गेला, काँग्रेसची बैलजोडी. आजी म्हणाली, “बैल भाटकाराचे, गाडी भाटकाराची. आमचो सिंह.” महाराष्ट्र कुठे आहे हे तिला मरेपर्यंत नीट माहीत नव्हते. सावंतवाडीला एकदा गेली होती, तेवढेच. काँग्रेसने उमेदवाऱ्या कोणाला दिल्या ते बघा, मग भोपळा का मिळाला ते कळेल. आणि भाऊंनी ६४ मध्ये कूळ कायदा करून आम्हाला जमिनी दिल्या.

नारळीपौर्णिमा
आले! अजून कसा नाही आला म्हणत होते, राक्षस भाटकार. मी त्याच घरातली. आजोबांनी कुळांच्या मुलांची लग्ने लावून दिली, आजारपणे काढली. कायदा आला आणि ज्यांना पोटच्या पोरांसारखे वागवले ते रस्त्यात ओळख देईनात. वडिलांनी आमच्याच भाटातले नारळ आमच्याच कुळाकडून विकत आणलेत. हे कोणी लिहीत नाही.

फोंड्याचा पाव
पोटच्या पोरांना पायरीखाली उभे करत होता का बाई?

नारळीपौर्णिमा
तुमच्या आजीच्या चपलांचा हिशेब मी का देऊ? माझा जन्म ७१ चा.

तळटीप
भांडा, पण कायदे तरी नीट सांगा. ६४ च्या कायद्याने कुळाला संरक्षण मिळाले, खंडाला लगाम बसला, सहजी हुसकावता येईना. मालकी नाही मिळाली. कुळाला जमिनीचा मालक मानणारी पाचवी दुरुस्ती ७६ ची, भाऊंची लेक शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री होत्या त्या काळातली. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठीचा मुंडकार कायदा ७५ चा. भाऊ ७३ च्या ऑगस्टमध्येच गेले होते.

फोंड्याचा पाव
घ्या, वकील आले. आमच्या घरात ‘भाऊंनी जमीन दिली’ असेच म्हणतात आणि म्हणत राहणार. लेकीने दिली म्हणजे बापानेच दिली.

नारळीपौर्णिमा
आणि भाऊ स्वतः कोण होते? खाणमालक! डोंगर त्यांचे, कायदा आमच्या बागायतीला. वा.

फोंड्याचा पाव
खाणमालक होते, कबूल. पण बहुजन समाजातला माणूस पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसला. गावात मराठी शाळा आली, माझी आई त्या शाळेत गेलेली घरातली पहिली बाई. खाणीतली धूळ तुम्ही मोजा, मी पाटी मोजतो.

कोल्हापुरी ठसका
शाळा कुठली? *मराठी.* मी तेच म्हणतोय!

सासष्टीकर
शाळेत मराठी शिकले म्हणून घर महाराष्ट्रात नेऊन ठेवायचे? मी तुमच्याशी मराठीत भांडतोय, आवशीकडे कोकणीत बोलतो. कोकणी ही बोली की भाषा ते आता काढू नका, हात जोडतो. ८७ ला कोकणी राजभाषा झाली तेव्हाच मिटलंय ते.

कोल्हापुरी ठसका
मिटलंय असं तुम्हाला वाटतं.

मांडवीपार
धागा माझा होता, आठवण करून देतो. मार्चचे उत्तर अजून आलेले नाही.

कोल्हापुरी ठसका
बरं बाबा. ६३ मध्ये मगोला पडलेले प्रत्येक मत विलीनीकरणाचे नव्हते, मानले. पण जानेवारीत फुलाला १,३८,१७० मते पडली, तीही मोजा. पावाच्या आजीने कशावर मारला शिक्का?

फोंड्याचा पाव
फुलावर. भाऊंनी सांगितले म्हणून. आजोबांनी पानांवर मारला आणि चार दिवस घरात कोणी कोणाशी बोलत नव्हते. मार्चमध्ये दोघेही सिंहाला मत देऊन आले, एकाच गाडीतून.

नारळीपौर्णिमा
गाडी कोणाची होती तेही सांगा.

फोंड्याचा पाव
भाटकाराचीच. तेवढे तुमचे.